संसदेची समिती नेमली, तर पतसंस्थेत अडकलेले पैसे परत मिळतात का?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या दुकानात काम करणारा मुलगा नेपाळमधल्या पोखऱ्याचा. त्याच्या आईची पुंजी तिथल्या एका बचत सहकारी संस्थेत बुडाली. तो सांगतो, की यासाठी तिकडे संसदेने समिती नेमली आणि माजी गृहमंत्र्यांनाही अटक झाली. इकडे ताईंच्या वडिलांचे निवृत्तीचे ११ लाख रुपये एका मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांसाठी केंद्राच्या कायद्याखाली नोंदलेल्या, पतसंस्थेत दोन वर्षांपासून अडकले आहेत. ठेवीदार कृती समिती 'संसदीय चौकशी व्हावी' म्हणून सह्या गोळा करते आहे. ताई विचारतात, "सही करू का? आणि त्याने बाबांचे पैसे मिळतील का?"

ताई, सही जरूर करा. पैसे मात्र त्या सहीने येणार नाहीत. ते दुसऱ्या रस्त्याने येतात, आणि त्या रस्त्याला तुम्ही अजून लागला नसाल तर हे वाचून झाल्यावर आजच लागा. मी २६ वर्षं सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं, संस्थेचं नुकसान कोणी केलं ते ठरवणाऱ्या, राज्याच्या सहकार कायद्याच्या कलम ८८ खालच्या चौकश्या केल्या, अवसायकाच्या, म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलाशेजारी बसून ठेवीदारांचे दावे तपासले. या काळात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. पैसा परत येतो तो कुठेतरी आधीच अडवून धरलेला असेल तरच. चौकशी दोन वर्षं उशिरा झाली तरी तिचा उपयोग असतो. जप्ती दोन वर्षं उशिरा झाली, तर जप्त करायला काही उरलेलंच नसतं.

आधी नेपाळबद्दल, कारण त्या मुलाने सांगितलेलं खरं आहे, पण अर्धं आहे.

नेपाळच्या प्रतिनिधी सभेने मे २०२४ मध्ये सात खासदारांची विशेष छानबीन (चौकशी) समिती नेमली. सूर्यबहादूर थापा तिचे सभापती होते. संसदच का, याला कारण होतं. सहकारी संस्थांमधला बचतदारांचा पैसा एका माध्यम कंपनीत वळवल्याचा आरोप होता आणि त्या कंपनीचे एकेकाळचे व्यवस्थापकीय संचालक तेव्हा देशाचे गृहमंत्री होते. पोलीस त्यांच्याच खात्याच्या हाताखाली. विरोधकांचं म्हणणं असं, की ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातंय त्यांच्याच अखत्यारीतल्या पोलिसांनी तपास कसा करायचा? यावरून संसदेचं कामकाज कित्येक दिवस ठप्प झालं. समितीच्या कार्यकक्षेत मंत्र्यांचं नाव घालायचं की नाही यावर ओढाताण झाली आणि शेवटी नाव न घालता समिती बसली. संसदीय चौकशीची खरी जागा मला तिथेच दिसते. तपास करणाऱ्याच्या वरिष्ठावरच प्रश्न असेल, नियमन करणाऱ्याच्या कारभारावरच प्रश्न असेल, तर खात्याची चौकशी पुरत नाही. तिथे लोकप्रतिनिधींनीच कागद मागवावे लागतात.

समितीने ४० संस्थांचं दप्तर पाहिलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. बचतदारांचे ८७ अब्ज नेपाळी रुपयांहून अधिक पैसे अडकल्याचं त्यातून पुढे आलं. एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये हा ठरलेला दर धरला, तर आपल्या हिशोबाने हे पाच हजार चारशे कोटींच्या घरात जातं. कंपनीच्या तत्कालीन पदाधिकाऱ्यांवर कारवाईची शिफारस झाली. तोवर सरकार बदललं होतं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या माजी गृहमंत्र्यांना अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले आहेत. त्यांचा दोष ठरवायचं काम न्यायालयाचं आहे, तुमचं-माझं नाही.

आता उरलेलं अर्धं. त्या मुलाच्या आईला पैसे मिळायचे असतील, तर ते समितीकडून मिळणार नाहीत. संस्था 'समस्याग्रस्त' जाहीर झाली, तर तिचा कारभार 'समस्याग्रस्त सहकारी व्यवस्थापन समिती' नावाच्या वेगळ्या यंत्रणेकडे जातो. तिथे दावा लावावा लागतो, संचालकांची मालमत्ता विकली जावी लागते, कर्जं वसूल व्हावी लागतात. आपल्याकडे जे काम अवसायक करतो तेच ते. म्हणून त्या मुलाला विचारा, आईने तिकडे दावा दाखल केलाय का? संसदेच्या समितीची बातमी ऐकून 'आता सरकार बघतंय' म्हणून माणसं घरी बसतात. असं निवांत होणं ठेवीदाराला फार महागात पडतं.

नेपाळचं आणखी एक सांगतो, कारण ते आपल्याशी जुळतं. २०१५ च्या राज्यघटनेनंतर तिथल्या सहकारी संस्थांची देखरेख तीन पातळ्यांवर वाटली गेली: संघ, प्रदेश आणि स्थानिक पालिका. हजारो संस्था पालिकांकडे आल्या. पालिकेने बँकिंगसारख्या व्यवहारावर लक्ष ठेवायचं म्हणजे त्यासाठी शिकलेली माणसं लागतात, ती होती कुठे? ठेवींना विमा नव्हता, रिझर्व्ह बँकेसारखी नजर नव्हती. तुमच्या बाबतीतही काय झालं असेल ते मी न विचारता सांगू शकतो. तुम्ही सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात गेलात, तर ते म्हणाले असतील, "ही मल्टिस्टेट आहे, आमच्या अखत्यारीत येत नाही, दिल्लीला केंद्रीय निबंधकांकडे लिहा." शाखा तुमच्या बाजारपेठेत, संचालक तुमच्या तालुक्यातले, कर्जदार शेजारच्या गावचे, आणि तक्रार ऐकणारा अधिकारी हजाराहून जास्त किलोमीटरवर. मल्टिस्टेट नोंदणीचा मोह अनेकांना का पडला, त्यात या अंतराचा वाटा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे संसदेची चौकशी झालीच नाही असं नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना बँक ऑफ कराड आठवत असेल. ती सहकारी नव्हती, पण गावची म्हणून लोकांचा जीव होता तिच्यावर. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात तिच्या मुंबईतल्या शाखेतून आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँकेतून अशा बँक पावत्या दिल्या गेल्या, ज्यांच्या मागे रोखेच नव्हते. रामनिवास मिर्धा यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, डिसेंबर १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. पण बँक ऑफ कराड १९९२ मध्येच अवसायनात गेली होती. १९९४ मध्ये ती बँक ऑफ इंडियाकडे गेली, ती रिझर्व्ह बँक आणि न्यायालयाच्या मार्गाने.

तुमच्या प्रश्नाला त्याहून जवळचं उदाहरण अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेचं आहे. मार्च २००१ मध्ये बँकेच्या दारात ठेवीदारांची रांग लागली आणि तीन-चार दिवसांत बँक कोसळली. शेअर दलाल केतन पारेख यांच्या कंपन्यांना या बँकेने आठशे कोटींहून अधिक रक्कम दिली होती. बँकेच्या मुंबईतल्या मांडवी शाखेने दिलेल्या पे ऑर्डर, म्हणजे बँकेने स्वतः पैसे देण्याची हमी घेतलेले धनादेश, बँक ऑफ इंडियाकडे वटवून घेतल्या गेल्या, आणि पुढे त्या परत आल्या. १३० कोटींहून मोठी रक्कम होती ती. शिवाय गुजरातमधल्या अनेक लहान सहकारी बँकांनी आपला पैसा माधवपुराकडे ठेवलेला होता. एका बँकेच्या पडण्याने त्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन हलली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लेफ्टनंट जनरल प्रकाश मणी त्रिपाठी यांच्या अध्यक्षतेखाली ३० खासदारांची संयुक्त समिती नेमली गेली. डिसेंबर २००२ मध्ये तिने अहवाल दिला. अहवाल कसून केलेला आहे. सेबी, रिझर्व्ह बँक, अर्थ मंत्रालय, शेअर बाजार, कोणालाच तिने सोडलं नाही. सहकारी बँकेवर एकीकडे रिझर्व्ह बँक आणि दुसरीकडे सहकार निबंधक असा दुहेरी अंमल असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत गैरव्यवहार वाढतो, हे दुखणं तेव्हा देशासमोर उघडं पडलं. आणि माधवपुराच्या ठेवीदारांचं काय झालं? बँकेचा परवाना रद्द झाला जून २०१२ मध्ये. म्हणजे अहवाल येऊन साडेनऊ वर्षं लोटल्यावर. ही सगळी वर्षं पुनरुज्जीवनाच्या आशेवर गेली. २००१ मध्ये साठीला आलेला ठेवीदार परवाना रद्द झाला तेव्हा सत्तरी ओलांडून बसला होता.

दुहेरी अंमलाची ती फट बुजवणारी बँकिंग नियमन कायद्यातली दुरुस्ती आली २०२० मध्ये, तीही दुसरी बँक बुडाल्यावर. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. एचडीआयएल या बांधकाम समूहाची कर्जं लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली होती. सुरुवातीला ठेवीदाराला सहा महिन्यांसाठी मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मुंबईतल्या त्या रांगा तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. त्या लोकांसाठी संसदेने चौकशी समिती नेमली नाही, पण जे केलं ते माझ्या दृष्टीने समितीहून मोलाचं होतं. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने ठेव विमा महामंडळाच्या कायद्यात दुरुस्ती केली, की बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत ठेवीदाराच्या हाती पडली पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांच्या वरची रक्कम काही वर्षांत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं.

हा विमा तुमच्या वडिलांना लागू नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं, मग ती राज्यात नोंदलेली असो की मल्टिस्टेट. शाखेबाहेरच्या फलकावर 'भारत सरकार नोंदणीकृत' असं लिहिलेलं असतं, ते वाचून लोक फसतात. नोंदणी म्हणजे हमी नव्हे. हे मी प्रत्येक ठेवीदार मेळाव्यात सांगतो आणि प्रत्येक वेळी समोरची निम्मी माणसं पहिल्यांदाच ऐकतात.

संसदेच्या अधिकाराचा एक मुद्दा तुमच्या कृती समितीने समजून घ्यायला हवा. सहकारी संस्था हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९७ व्या घटनादुरुस्तीबाबत तेच अधोरेखित केलं. ती दुरुस्ती राज्यातल्या संस्थांना लागू नाही, मल्टिस्टेटपुरतीच राहील, असा निकाल दिला. तेव्हा तुमची पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली असती, तर संसदेपेक्षा मुंबईच्या विधिमंडळाकडे जाणं योग्य ठरलं असतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, याचिका समिती अशी आयुधं तिथे आहेत. तुमची संस्था मल्टिस्टेट असल्याने मागणी दिल्लीकडे करणं बरोबर आहे. मल्टिस्टेट कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्त्या झाल्या, त्याचं विधेयकही आधी संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं होतं. सहकार लोकपाल आणि निवडणूक प्राधिकरण त्याच दुरुस्तीतून आले. एका पतसंस्थेसाठी तीस खासदारांची समिती बसेल अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. पण लोकसभेच्या याचिका समितीकडे तुमच्या खासदारांमार्फत याचिका जाऊ शकते, आणि ती मंत्रालयाकडून लेखी उत्तर मागवू शकते.

याचिकेत काय लिहिता यावर पुष्कळ अवलंबून आहे. 'सखोल चौकशी करून दोषींवर कठोर कारवाई करावी' हे वाक्य मी इतक्या निवेदनांत वाचलंय, की अधिकाऱ्यालाही ते पाठ असतं, आणि त्याचं ठरावीक उत्तरही. काय मागायचं ते कळण्यासाठी पैसा आतून कसा जातो ते पाहा. एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी कलम ८८ ची चौकशी करत होतो. संस्था अडचणीत आली तेव्हा थकबाकी कागदावर तीन टक्क्यांच्या आत होती, लेखापरीक्षणात 'अ' वर्ग होता, लाभांश वाटला जात होता. मी कीर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, घेऊन बसलो. मार्चच्या २९, ३० आणि ३१ तारखेच्या पानांवर एका गावातल्या चौदा जणांना कर्ज दिल्याची नोंद होती. प्रत्येकाला ४ लाख ९० हजार, कारण पाच लाखांपुढे गहाणखत लागायचं. चौदाही कर्जांची रोख त्याच दिवशी दुसऱ्या खात्यांवर कर्जफेड म्हणून जमा. ती खाती अध्यक्षांच्या नातेवाइकांची. आमच्या धंद्यात याला 'नवं-जुनं करणं' म्हणतात. जुनं कर्ज नव्या कर्जाने भरून टाकायचं, म्हणजे मार्चअखेर थकबाकी दिसतच नाही. एप्रिलमध्ये पुन्हा सगळं होतं तसं.

त्या चौदातल्या एक बाई मी गावात जाऊन भेटलो. गोठ्यात शेण काढत होत्या. विचारलं, "मावशी, तुम्ही पतसंस्थेतून कर्ज घेतलंय का?" त्यांनी हात धुतले, आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात त्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सच्या तीन प्रती. म्हणाल्या, "बचत गटाला द्यायच्या म्हणून एकाने पाच मागितल्या हुत्या. दोनच परत दिल्या न्हाईत. कर्ज कसलं?" कर्ज अर्जावरची त्यांची सही मराठीत सुबक, वळणदार. त्या अंगठा लावत होत्या.

हे सगळं मला तीन आठवड्यांत सापडलं, ते एकाच कारणाने. त्या संस्थेचा लेखनिक प्रामाणिक होता आणि त्याने कीर्द, व्हाउचरं, कर्जाच्या फायली कपाटाला कुलूप घालून जपल्या होत्या. दुसऱ्या एका संस्थेत मी पोचलो तेव्हा संगणकाचा सर्व्हर 'दुरुस्तीला' गेलेला होता आणि दोन वर्षांची व्हाउचरं 'पावसात भिजली' होती. तिथे आम्हाला ठेवींचा आकडासुद्धा ठेवीदारांच्या पावत्यांवरून उलटा बांधत न्यावा लागला. पावतीपुस्तकं दोन छापलेली होती. एकातली ठेव खतावणीत चढायची, दुसऱ्यातली कुठेच नाही.

म्हणून तुमच्या याचिकेत पहिली मागणी दप्तर आणि सर्व्हर ताब्यात घेण्याची हवी, तारखेसह. दुसरी, मोठ्या कर्जांचा अंतिम लाभार्थी कोण ते शोधण्याची. कर्ज कोणाच्या नावावर आहे ते महत्त्वाचं नाही, त्या दिवशी पैसा कोणत्या खात्यात पोचला ते पाहा. संचालक आणि त्यांच्या घरच्यांनी संस्था बंद पडण्याआधीच्या तीन-चार वर्षांत कोणत्या जमिनी, फ्लॅट, गाड्या कोणाच्या नावावर केल्या याची दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधक कार्यालयातून यादी मागवा, हेही लिहा. वैधानिक लेखापरीक्षकाने काय लिहिलं, दोष दुरुस्ती अहवाल आला का, केंद्रीय निबंधक कार्यालयाकडे तक्रारी कधी पोचल्या आणि त्यांवर काय झालं, हे विचारा. पोलीस किंवा निबंधक हे शेवटचे प्रश्न स्वतःला विचारत नाहीत, ते संसदेनेच विचारायचे असतात. माझ्याच व्यवसायातल्या माणसांवर मी बोट ठेवायला सांगतोय, कारण 'अ' वर्ग पाहून ठेव ठेवणाऱ्या माणसाने दुसरं कशावर विश्वास ठेवायचा होता?

आता पैशाचा रस्ता. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत गुन्हा दाखल झाला आहे का, आणि त्यात एमपीआयडी कायदा, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, लावला आहे का, हे सोमवारी जाऊन पाहा. हा कायदा लागला, तर शासन अधिसूचना काढून संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करू शकतं. दुसऱ्याच्या नावावर वळवलेली मालमत्ताही त्यात येऊ शकते. सक्षम प्राधिकारी म्हणून महसूल अधिकारी नेमला जातो, विशेष न्यायालयाच्या हुकमाने लिलाव होतो आणि ठेवीदारांना प्रमाणात वाटप होतं. वेळ लागतो, पण पैसा अडवून धरला जातो तो इथेच. तुमच्या वडिलांचा जबाब आणि पावत्यांच्या प्रती तिथे पोचल्या आहेत याची लेखी पोच घ्या. पुढाऱ्यांनी 'सगळ्यांच्या वतीने' तक्रार दिली आहे यावर विसंबू नका. वाटपाच्या यादीत नाव नसलं, तर कोणी घरी शोधत येत नाही.

सहारा समूहाच्या चार मल्टिस्टेट संस्थांचं पाहा. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठेवीदारांसाठी ५,००० कोटी रुपये केंद्रीय निबंधकांकडे द्यायला सांगितले, जुलैमध्ये परताव्याचं पोर्टल सुरू झालं. आधी प्रत्येकी १० हजारांपर्यंत, नंतर ५० हजारांपर्यंत रक्कम देणं सुरू झालं. रक्कम छोटी आहे, लोक नाराज आहेत, ते समजतं. पण ते पैसे आले कुठून? न्यायालयाच्या जुन्या आदेशांमुळे सहारा-सेबी खात्यात समूहाची रक्कम वर्षानुवर्षं अडकवून ठेवलेली होती, त्यातून.

मल्टिस्टेट कायद्याच्या कलम ७८ खाली केंद्रीय निबंधकांकडून चौकशी सभासदांनी मागायची, तर किमान एक पंचमांश सभासदांची मागणी लागते. इथे एक अडचण येईल. तुमच्या वडिलांना ठेव ठेवताना 'नाममात्र सभासद' करून घेतलं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि नाममात्र सभासदाला मतही नसतं. भागाचा दाखला घरात आहे का ते बघा. नसला, तरी ठेव परत न मिळाल्याची तक्रार सहकार लोकपालाकडे करता येते. ती तीन महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. संस्था अवसायनात काढली असेल किंवा पुढे काढली, तर अवसायकाकडे ठरल्या नमुन्यात, मुदतीत दावा लावा.

शेवटची गोष्ट कृती समितीच्या बैठकीतही मोठ्याने सांगा. तुमच्या वडिलांना कोणीतरी भेटेल, कदाचित ओळखीचाच, आणि म्हणेल, "काका, हे पैसे काही येत नाहीत. तुमच्या ११ लाखांच्या पावत्या द्या, मी रोख तीन लाख देतो." हा माणूस त्या पावत्या संस्थेच्या एखाद्या बड्या कर्जदारासाठी घेत असतो. कर्जदार त्या पूर्ण ११ लाखांच्या म्हणून आपल्या कर्जापोटी वळत्या करून घेतो. तीन लाखांत अकरा लाखांचं कर्ज फिटतं आणि उरलेल्या ठेवीदारांसाठी वसूल होऊ शकणारे ते अकरा लाख कायमचे जातात. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेटच्या प्रकरणात अशाच व्यवहारांचे आरोप झाले आणि २०२० मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने थेट अवसायकाविरुद्ध कारवाई केली. औषधपाण्याची निकड असली की माणूस वाकतो, त्यात वडिलांचा दोष नाही. म्हणून ती वेळ येण्याआधीच घरात बोलून घ्या. आजारपण असेल, तर वैद्यकीय कागद जोडून निकडीच्या परताव्यासाठी अवसायकाकडे किंवा प्रशासकाकडे अर्ज करा. प्रत्येक वेळी मंजूर होतो असं नाही, पण होतात असे मी पाहिलेत.

मूळ पावत्या कोणाच्याही हातात देऊ नका, 'नूतनीकरण करून देतो' म्हणणाऱ्या शाखाधिकाऱ्याच्याही नाही. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, पासबुकाच्या शेवटच्या नोंदीचा फोटो काढा, पिग्मी एजंटने दिलेल्या चिठ्ठ्या असतील तर त्याही एका फायलीत लावा. मुदत संपल्यावर पैसे मागितल्याचं पत्र स्पीड पोस्टाने नोंदणी करून, पोचपावतीसह पाठवा. शाखेला कुलूप असेल, तर पाकीट 'बंद आहे' असा शेरा मारून परत येईल. ते फोडू नका. तसंच फायलीत ठेवा.